लिहिले बहात्तर, घातले नऊ

५ जानेवारी २०२६, सोमवार

नऊ!

घातले नऊ आणि ग्रुपवर लिहिले बहात्तर. खरा आकडा कुठेतरी लिहिलेला असावा म्हणून ही डायरी उघडली. ओजसने बंगलोरहून पाठवली होती. पहिल्या पानावर पोराने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय – 'बाबांच्या निवांत वेळासाठी.' निवांत वेळानेच घात केला, हे त्याला काय माहीत!

नऊ तरी धड कुठले? सातव्याला जमिनीवर कपाळ टेकवलं आणि तिथेच राहिलो. फरशी गार होती, बरं वाटलं. डोळा लागला असावा, कारण स्वयंपाकघरातून रेवतीचा आवाज आला – "अहो, सूर्य उगवून वर आला. तुम्ही अजून खालीच?" उरलेले दोन रागाच्या भरात घातले.

झालं असं, की आमच्या सोसायटीत रथसप्तमी मंडळ आहे. एकतीस सभासद. १ डिसेंबरपासून रोज बारा सूर्यनमस्कार, मग दर सोमवारी बारा वाढवायचे, आणि रथसप्तमीला गच्चीवर सगळ्यांनी मिळून एकशेआठ. एरवी ज्याने त्याने आपल्या घरी घालायचे आणि साडेसातच्या आत ग्रुपवर आकडा टाकायचा. तो आकडा मी लिफ्टशेजारच्या तक्त्यावर लिहितो. कोणी तपासत नाही. नियमावलीत मीच वाक्य घातलंय – 'तपासनीस सूर्य.' वेळापत्रक माझं, तक्ता माझा, गच्चीवर मंत्र म्हणणारा मी. ट्रॉम्बेला तेहेतीस वर्षं माझं काम एकच होतं – मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात ना, ते बघायचं. त्यामुळे माझ्या आकड्यावर शंका घ्यायचं कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

२० डिसेंबरला मुरूडला गेलो, रेवतीच्या बहिणीकडे, शकुकडे. पहिल्याच दिवशी साडेआठला जाग आली. ग्रुपवर सगळ्यांचे आकडे येऊन पडलेले, माझाच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या इरावतीने विचारलंही होतं, 'काका, नेटवर्क नाही का?' म्हटलं, आत्ता टाकतो, संध्याकाळी घालतो. छत्तीस टाकले. संध्याकाळी शकुने घावन केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा छत्तीस, पुन्हा घावन. तिसऱ्या दिवसापासून 'संध्याकाळी घालतो' हे स्वतःला सांगणंसुद्धा सोडून दिलं.

सोळा दिवस. एकही नमस्कार घातला नाही. एकही! शकुकडे पूजेला गुरुजी आले, त्यांनाही झोपाळ्यावरूनच हात जोडले.

६ जानेवारी, मंगळवार

अकरा. लिहिले बहात्तर.

बसून गणित मांडलं. खोटा आकडा वेळापत्रकाप्रमाणे चढत रथसप्तमीला एकशेआठवर पोचणार. खरा आज अकरावर आहे. हातात एकोणीस दिवस. रोज पाच वाढवले तर २५ तारखेला होतात एकशेसहा. वरचे दोन काय, रेटून घालेन! खऱ्याने खोट्याला गाठलं की खोटं उरतच नाही. मागचे सोळा दिवस कोण उकरायला येतंय?

कागदावर तरी योजना झकास आहे.

रेवतीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती ग्रुपवर आहे, पण म्हणते तिथे गुलाबाची फुलं आणि सुप्रभात याखेरीज काही नसतं, उघडायचं कशाला. तेवढंच बरं.

७ जानेवारी, बुधवार

उठलोच नाही. गजर कोणी बंद केला म्हणून विचारलं, तर म्हणे, "तुम्हीच. 'आलोच' असंही म्हणालात."

शून्य. लिहिले बहात्तर.

८ जानेवारी, गुरुवार

चौदा.

मोबाईल फ्रिजवर ठेवून झोपलो होतो, म्हणजे गजर बंद करायला उठावंच लागेल. उठलो. बंद केला. फ्रिजपाशी उभाच होतो, म्हणून फ्रिज उघडला. कालची शेवयांची खीर होती. खाल्ल्यावर लगेच नमस्कार घालू नयेत, तासभर थांबावं – हाही नियम मीच लिहिलाय. नियमाप्रमाणे तासभर आडवा झालो.

शरीर सोळा दिवसांत एवढं विसरतं? डिसेंबरात छत्तीस घालून वर जिना चढायचो. आता कपाळाच्या आधी पोट टेकतं. भुजंगासनात मान वर केली की खांद्यातून कटकट आवाज येतो, आणि रेवती आतून विचारते, "काही मोडलं का?" चांगली सवय लागायला तीन महिने लागतात आणि मोडायला तीन घावन पुरतात.

रेवती हल्ली नऊ वाजताच झोपते. डोळे उघडे ठेवणं जमत नाही म्हणते. घरात आळसाची साथ आलेली दिसते.

१० जानेवारी, शनिवार

सतरा. लिहिले बहात्तर.

तक्ता लिहून झाल्यावर खाली बाकावर चंदू भेटला. चंद्रप्रकाश – चौथा मजला, तीस वर्षांचा शेजार, मला 'विद्या' म्हणतो. वडील लालबागला गिरणीत होते, हा बेस्टमधून रिटायर झाला. एरवी आपल्यासारखं बोलतो, आतून काही ढवळलं की मालवणीवर येतो. ऑगस्टमध्ये त्याच्या हृदयात स्टेंट बसवला. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण गडी मनाने खचला. तीन महिने पलंग सोडला नाही. डॉक्टर म्हणायचे चाला, प्रेमावहिनी म्हणायच्या चाला, पण हा बाथरूमला जायचा तोही भिंत धरून. १ डिसेंबरला त्याने ग्रुपवर 'सहा' असं लिहिलं, तेव्हा मीच वर जाऊन त्याला पेढा दिला होता.

आज म्हणाला, "तू गावाला होतास ना, तेव्हा सकाळी उठून मी पहिलं काय बघायचो ठाऊक आहे? तुझा आकडा. म्हटलं, हो मेलो सुट्टीत गावाक जावन अठ्ठेचाळीस घालता, मगे माका काय धाड भरली?"

आता तो चाळीसवर आहे. चाळीस! खरे!

मी 'वा' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? 

११ जानेवारी, रविवार

एकोणीस. सांधे कुरकुरतायत, पण उठलो मात्र साडेपाचला, गजराच्या आधी. हे लिहून ठेवतो, कारण असं पुन्हा कधी होईल सांगता येत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

नवा आठवडा. लिहिले चौऱ्याऐंशी. घातले बावीस.

चंदूच्या कालच्या बोलण्यानंतर – कालच्या नाही, परवाच्या – वाटलं होतं की आज खरा आकडा टाकून मोकळं व्हावं. पण बहात्तरवरून एकदम बावीस? तक्त्यावर लिफ्टच्या उजेडात ते कसं दिसेल! आलेखात असा कडा मी नोकरीत बघितला असता, तर यंत्र बाद करून टाकलं असतं.

१४ जानेवारी, बुधवार

वीस. दोनाने घसरलो. कारण तिळाच्या वड्या.

दिवसभर सगळे येऊन सांगून गेले – गोड बोला. सेक्रेटरी सुबोधने तर वडी हातावर ठेवून वर म्हटलं, "काका, तुमच्याकडे बघून आम्हाला लाज वाटते हो. मी पन्नासवर अडकलोय आणि तुम्ही या वयात चौऱ्याऐंशी!" मी वडी तोंडात टाकली म्हणजे बोलायला नको.

१६ जानेवारी, शुक्रवार

एकोणतीस. पण आज आकड्यात जीव नाही.

तक्ता लिहीत होतो, तेवढ्यात प्रेमावहिनी लिफ्टमधून बाहेर आल्या. चंदूची बायको. पिशवी हातात, बाजाराला निघालेल्या. मला बघून थांबल्या. "भावजी, यांना जरा सांगा ना. काल आंघोळीनंतर भिंतीला टेकून बसले, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी चोवीसच्या वर जाऊ नका म्हणून बजावलंय. अठ्ठेचाळीस घालतायत! काही बोललं की म्हणतात, विद्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, तो चौऱ्याऐंशी घालतो, मला काय होतंय." आणि तक्त्यावरच्या माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, सांगतो.

शाई ओली होती. वहिनींच्या बोटाला लागली. त्यांनी ती पिशवीला पुसली आणि गेल्या.

भीती वाटली. एवढे दिवस लाज वाटत होती ती निराळी. ही सरळ भीती होती.

१७ जानेवारी, शनिवार

एकतीस.

चंदूला बाकावर गाठून सांगितलं. चोवीसवर ये, घाई कसली आहे, वगैरे. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू थांब, मग मी थांबतो."

कबूल करायला दार उघडंच होतं. एवढंच म्हणायचं होतं की बाबा रे, मी सुरूच केलेले नाहीत. म्हणालो काय, तर – "तसं नाही रे."

१८ जानेवारी, रविवार

ठरवून वर गेलो. चौथा मजला, जिन्याने. तिसऱ्यावर दम खायला थांबलो, तेव्हाही वाक्य पाठ करत होतो.

प्रेमावहिनींनी पोहे केले. चंदू म्हणाला, थांब तुला गंमत दाखवतो, आणि आतून वही आणली. डॉक्टरांनी रोजचं ब्लडप्रेशर लिहून ठेवायला सांगितलंय. तारीख, सकाळचं, संध्याकाळचं. आणि चौथ्या रकान्यात – 'विद्या'. रोजचा माझा आकडा! १ डिसेंबरपासून सगळे. मुरूडचे सोळाही, त्याच्या त्या वळणदार अक्षरात, रेघ मारून नीट. "प्रेशर वर गेलं की हा रकाना वाचतो," म्हणाला. "बरं वाटतं."

पोहे खाऊन खाली आलो. वरून त्यांनी रेवतीसाठी डबाही दिला.

१९ जानेवारी, सोमवार

छत्तीस. लिहायचे शहाण्णव.

ग्रुपवर 'छत्तीस' लिहिलं.  पुसलं. मग 'पाठीत उसण भरल्यामुळे' असं लिहायला घेतलं – म्हणजे आणखी एक! तेही पुसलं. शहाण्णव टाकले.

अक्कल गहाण टाकलेल्या माणसाला आकडे बरे सुचतात.

२० जानेवारी, मंगळवार

अडतीस.

प्रश्न एका कागदावर नीट मांडू म्हटलं, सवयीप्रमाणे. न सांगावं, तर चंदू माझ्या खोट्या आकड्यामागे पळत एक दिवस खरंच कोसळेल. सांगावं, तर ज्याच्याकडे बघून तो पलंगावरून उठला, तोच सोळा दिवस झोपाळ्यावर पडला होता हे त्याला कळेल. मग तो पुन्हा पलंग धरेल. धरला तर या खेपेला उठवायचं कोणी? आणि तिसरी गोष्ट मी कागदावर लिहिली नव्हती, ती इथे लिहितो. त्याच्या नजरेतून उतरायचं नाहीये मला. तीस वर्षांत त्याने मला कधी खोटं बोलताना बघितलेलं नाही.

रेवतीने विचारलं, "काय लिहिताय एवढं?" म्हटलं, विजेच्या बिलाचं बघतोय. ती म्हणाली, "ते मी भरलं."

२१ जानेवारी, बुधवार

चंदूने साठ टाकले. आणि खाली लिहिलंय – 'रथसप्तमीला पूर्ण एकशेआठ. विद्याच्या शेजारी उभा राहणार.' त्यावर सव्वीस अंगठे आले. प्रेमावहिनींचा आला नाही.

एक्केचाळीस.

२२ जानेवारी, गुरुवार

चव्वेचाळीस! घामाने बनियन भिजलं, पण धाप लागली नाही. उठायला गजर लागला नाही. पँटच्या पट्ट्याचं जुनं भोक परत सापडलं. मन लावलं तर माणूस तीन आठवड्यांत माणसात येतो, हे खरं आहे. महिन्याभरापूर्वी हेच केलं असतं तर आज काय आनंद झाला असता!

भाजी चिरताना रेवती अचानक म्हणाली, "काही बोलायचंय का?"

"नाही."

"बरं." आणि मग कांद्याकडेच बघत, "बोलायचं असलं की सोपं करून बोला. तुम्ही फार प्रस्तावना करता."

तिला कळलंय की काय? की माझ्याच मनात चोर आहे?

२३ जानेवारी, शुक्रवार

सत्तेचाळीस. लिहिले शहाण्णव.

खाली चंदू दिसला नाही. वर फोन केला, तर प्रेमावहिनी म्हणाल्या, "झोपलेत. चव्वेचाळीसला थांबले आज, छातीत भरून आलं म्हणाले. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर, रविवार होऊ दे, मग जाऊ." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. फोन ठेवला आणि चपला घातल्या. मग पुन्हा फोन करून वहिनींना म्हटलं, रविवार होऊ देऊ नका, आत्ताच न्या त्याला, मी खाली रिक्षा थांबवतो. चंदू कुरकुरत आला. मी पुढे बसलो.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली. तसं काही नाही म्हणाले, पण चोवीस म्हणजे चोवीस.  परतताना सोसायटीच्या गेटशी चंदू म्हणाला, "डॉक्टर काय, घाबरवणारच. तू आहेस ना शेजारी."

उद्या नाही, परवा सांगेन. सगळ्यांसमोर. एकट्याला सांगायला गेलो तर पुन्हा पोहे खाऊन येईन, माझा मला भरवसा नाही. आणि खोटं एकतीस जणांना सांगितलंय, तर खरंही तेवढ्यांनाच सांगायला हवं.

२४ जानेवारी, शनिवार

आज आराम. मंडळाचाच नियम आहे, आदल्या दिवशी अंग मोकळं सोडायचं. हा एक नियम मी महिनाभर आधीपासूनच पाळत होतो!

गच्चीवर इरावतीने सात घोड्यांचा रथ रांगोळीत काढला. घोडे थोडे बैलांसारखे झालेत, पण चेहरे आनंदी आहेत. माईक तपासला. 'हॅलो, हॅलो' म्हटलं, पुढचं उद्यासाठी ठेवलं.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

दुपार झाली आहे. दंड भरून आलेत, अक्षर वाकडं येतंय. चौसष्ट नमस्कारांनी.

सात वाजता सगळे गच्चीवर जमले. थंडी होती. बायकांची रांग मागे, पुरुषांची पुढे. मिठागरांच्या बाजूला आभाळ लाल व्हायला लागलं होतं. एका कोपऱ्यात गोवरीवर दूध तापत ठेवलेलं. चंदू माझ्या उजव्या हाताला. नवा पांढरा टीशर्ट, कपाळाला गंध. मागून प्रेमावहिनी त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

मी माईक घेतला. सगळ्यांनी हात जोडले, मी मंत्र सुरू करणार म्हणून. म्हटलं, एक मिनिट.

रेवतीचं ऐकलं, प्रस्तावना केली नाही. म्हणालो – "२० डिसेंबर ते ४ जानेवारी मी मुरूडला होतो. सोळा दिवस. त्या सोळा दिवसांचे माझे सगळे आकडे खोटे आहेत. मी झोपाळ्यावर पडून होतो, एकही नमस्कार घातलेला नाही. इथे आल्यावर नऊपासून सुरुवात केली. परवा सत्तेचाळीस घातले. तक्त्यावर शहाण्णव आहेत. माझ्या आकड्याशी कोणी बरोबरी करत असेल, तर त्याने ती आत्ता सोडावी. चंदू, हे मी तुला सांगतोय. मला माफ कर."

स्पीकरमधून माझाच आवाज पाण्याच्या टाकीवर आपटून परत आला.  कोणीतरी खोकलं. सुबोध खाली रांगोळीकडे बघत राहिला. एका लहान मुलीने आईला मोठ्याने विचारलं, "काका खोटं बोलले?" आई म्हणाली, "शू."

चंदूकडे बघायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात सूर्याची कड वर आली. आता थांबता येणार नव्हतं, म्हणून तशाच आवाजात सुरू केलं – ॐ मित्राय नमः.

बारा झाले. चोवीस झाले. उजवीकडची सावली वाकली नाही. बघितलं तर चंदू कठड्यापाशी खुर्चीवर जाऊन बसला होता आणि प्रेमावहिनी त्याला पाणी देत होत्या. चोवीसवर थांबला! मला तिथेच रडू आलं. नमस्कारात तोंड खाली असतं, ते एक बरं.

छत्तीस. अठ्ठेचाळीस. साठला पायात गोळे आले. चौसष्टला खाली गेलो तो उठलो नाही. माईक इरावतीने घेतला, पुढचे मंत्र तिनेच म्हटले. मी कुशीवर पडून सूर्य बघत होतो. मागच्या रांगांमध्ये कोण किती घालत होतं ते बघायचं त्राण नव्हतं. दूध उतू गेलं, प्रसाद वाटला, लोक पांगले. जाताना काही जण माझ्याशी नीट बोलले, काही नाही बोलले. सुबोध म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी तक्ता कोण लिहिणार ते मिटिंगमध्ये ठरवू." बरोबर आहे त्याचं.

जिन्यात चंदू थांबला होता. मी दोन पायऱ्या वर, तो खाली. म्हणाला, "म्हणजे मी महिनाभर झोपाळ्यावर लोळणाऱ्या माणसाशी शर्यत लावत होतो?"

"हो."

"आणि हरत होतो!"

हसेल असं वाटलं. हसला नाही. कठडा धरून उभा राहिला आणि एकदम म्हणाला, "मेल्या, तुझ्यामुळे मी खाटेवरसून उठलंय रे. आता उद्या सकाळी मी कोणाचो आकडो बघू?"

 तो एकेक पायरी उतरत गेला. दार लावल्याचा आवाज आला. मी तिथेच बसलो. सांगितल्याने हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. फक्त आता ते लपवायचं राहिलं नाही, एवढाच फरक.

रेवती वरून दुधाचं पातेलं घेऊन आली. मला बसलेलं बघून शेजारी बसली. घामाने डबडबलेली होती.  पातेलं खाली ठेवत म्हणाली, "छान बोललात. प्रस्तावना नव्हती."

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी इरावती माईकची वायर ठेवायला आली. दारातूनच ओरडली, "काकू, काल शेवटपर्यंत आपण दोघीच! एकशेआठ! प्रॅक्टिस कधी केलीत?"

ती गेल्यावर मी विचारलं. रेवती वाटाणे सोलत होती, मान वर केली नाही. "मुरूडला. पहिल्या दिवशी तुम्ही घावन खाऊन झोपाळ्यावर गेलात, तेव्हा शकुच्या मागच्या पडवीत छत्तीस घातले. मग रोजचे. घरातून आकडा गेलाय म्हटल्यावर कोणीतरी घालायला हवेत ना? इथे तुम्ही मोठ्याने मोजता. तुम्ही खाली तक्ता लिहायला गेलात की उरलेले मी."

म्हणजे मुरूडचे आठशे अठ्ठावीस. इथले वेगळे. एकूण एक घातलेले! आणि काल एकतीस माणसांसमोर, माईकवरून, मी सगळे खोटे ठरवून आलो.

"मला थांबवायचं नाहीस?"

"कशाला? तुम्ही नव्हतेच घातलेत."

चौथ्या मजल्यावर फोन केला. म्हटलं, चंदू, वही घे. विद्या हे नाव खोड, तिथे रेवती लिही. सगळे आकडे तसेच राहू देत.  पलीकडे पेन शोधायला तो प्रेमावहिनींवर ओरडलेला ऐकू आला.

रेवतीला म्हटलं, उद्यापासून तुझ्याबरोबर घालतो. म्हणाली, "या की. सहाला सुरू करते, थांबणार नाही. आणि मनात मोजा."